सहा रुपयांची गोळी, सहा लाखांचं बिल

निशा_विक्रोळी | शनिवार, रात्री ११.१०

लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले. आज बाबा स्वतः उठून गॅलरीत खुर्ची टाकून बसले, तेव्हा म्हटलं आता टाइप करायला घ्यावं. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त. बीपीची एक गोळी सोडली तर तक्रार नाही. दिवाळीनंतर सोसायटीत एका लॅबने चेकअपचा कॅम्प लावला, ९९९ रुपयांत ढीगभर तपासण्या. त्यात युरिक ॲसिड ८.२ आलं, ठळक लाल अक्षरात. बाबांचा ना अंगठा दुखत होता ना गुडघा. पण लाल अक्षर बघून आम्हीच घाबरलो, कागद घेऊन जवळच्या दवाखान्यात गेलो आणि ॲलोप्युरिनॉल ३०० (युरिक ॲसिड कमी करायची गोळी) सुरू झाली. रोज रात्री एक. गोळी साधारण सहा रुपयांची.

विसाव्या दिवशी ताप, घसा, डोळे लाल. दवाखान्यात म्हणाले व्हायरल आहे. पॅरासिटामॉल आणि एक अँटिबायोटिक मिळालं. नवीन काही औषध चालू आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. बाबा शिस्तीचे. तापातसुद्धा जेवण झालं की ती गोळी घेत होते. मग छातीवर जांभळट डाग आले, ओठ सोलले, चहा गिळवेना. चौथ्या दिवशी सकाळी आई त्यांचा बनियन बदलायला गेली, तर पाठीची कातडी बनियनला चिकटून आली.

जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. नाव लिहीत नाही, विचारूही नका. ५० हजार डिपॉझिट भरल्यावर वर घेतलं. 'स्टीव्हन्स-जॉन्सन' (औषधाच्या रिॲक्शनने कातडी सुटते तो आजार) हे नाव तिथे पहिल्यांदा ऐकलं. गोळी लगेच बंद केली, हे त्यांचं चांगलंच. दोन दिवस ट्विन शेअरिंग (दोन पेशंटची खोली), मग सहा दिवस आयसीयू.

आठ दिवसांचे झाले ६,११,०००. फाइल समोर घेऊनच लिहितेय. खोली आणि आयसीयू मिळून ८९ हजार. डॉक्टरांच्या व्हिजिट ८४ हजार (त्वचा, फिजिशियन, डोळे, किडनी, सर्जन, काही जण दारातूनच बघून गेले, तरी व्हिजिट ती व्हिजिट). तपासण्या ६१. हातमोजे, गाऊन, चादरी वगैरे कन्झ्युमेबल्स ७२. बाकीची औषधं ५८. ड्रेसिंग ४०. नर्सिंग, आरएमओ (वॉर्डातले ड्युटी डॉक्टर) आणि असलं किरकोळ ३३. आणि एकट्या आयव्हीआयजीचे (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज, शिरेतून देतात) १ लाख ७४ हजार.

त्या आयव्हीआयजीबद्दल सांगायलाच हवं. तिसऱ्या रात्री दीड वाजता सिस्टरने चिठ्ठी हातात दिली. ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या, एक १४,५००ला. म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख. मी विचारलं, दिलं नाही तर काय होईल? ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "आम्ही सुचवलंय. निर्णय तुमचा." रात्री दीड वाजता खालच्या मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मी तो 'निर्णय' घेतला. भावाने एफडी मोडली. बारा बाटल्यांनंतर पैसे संपले. "आता थांबलं तर चालेल का?" याचंही उत्तर तेच.

मेडिक्लेम तीन लाखांचा, त्यातून २,६४,००० पास झाले. ३,४७,००० घरातून. नवव्या दिवशी ओळखीच्या एका सिस्टरच्या सांगण्यावरून बाबांना महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे १९ दिवस. सगळं धरून ४१ हजार लागले, तेही बहुतेक बाहेरून आणायच्या चिठ्ठ्यांचे.

बाबा वाचले. डोळे मात्र कोरडे पडलेत, तासातासाला थेंब घालावे लागतात.

मला एवढंच विचारायचंय: हा खर्च खरंच एवढा असतो का? की आम्ही येडे ठरलो?

अबोली७७ | रात्री ११.३२

बाप रे. बनियनचं वाचून काटा आला. काकांना नमस्कार सांग. आणि येडं वगैरे काही म्हणून घेऊ नकोस. त्या वेळी कुणीही तेच केलं असतं.

मुलुंडचा_काका | रात्री ११.५०

सरळ दरोडा आहे हा. फाइव्ह स्टार लॉबी दिसली की समजायचं आपला खिसा कापायची सोय झाली. त्या रात्रीच्या डॉक्टरला 'निर्णय तुमचा' म्हणताना लाज कशी वाटली नाही? १२ बाटल्यांचं कमिशन किती असेल याचा हिशेब करा.

साबुदाणा_वडा | रविवार, सकाळी ९.०५

नावावर जाऊ नका, मी त्वचेचा डॉक्टर आहे. ठाण्यात प्रॅक्टिस करतो. रेसिडेन्सी मुंबईच्या सरकारी वॉर्डात झाली, तिथे असे पेशंट पाहिलेत.

निशाताई, आधी आजार. औषधामुळे कातडीचा वरचा थर मरतो आणि सुटतो. अंगाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांच्या वर गेली तर 'टेन', मधलं ते दोन्हींच्या सीमेवरचं. टेनमध्ये तिघांतला एक जण दगावतो, इतकं ते गंभीर आहे. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले: ॲलोप्युरिनॉल, फिटच्या कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, सल्फाची औषधं, एचआयव्हीची नेविरापीन, काही वेदनाशामक. औषध सुरू केल्यावर साधारण चार दिवस ते चार आठवडे, हा धोक्याचा काळ. तुमचा विसावा दिवस त्यात बरोबर बसतो. ताप, लाल डोळे आणि तोंडात फोड हे तिन्ही एकत्र आले की 'व्हायरल' म्हणायच्या आधी गोळ्यांची पिशवी बघायची असते. दवाखान्यात ते राहून गेलं.

आता खर्च. कातडी गेली की माणसाची अवस्था भाजलेल्या पेशंटसारखी होते. पाणी आणि प्रथिनं झिरपतात, अंग गार पडतं, जंतूंना दार उघडं. उबदार खोली, निर्जंतुक चादरी, सलाइनचा हिशेब, नळीने पोषण, रोज डोळ्यांच्या पापण्या सोडवणं, न सोलवटता कूस बदलणं. हे दोन-तीन आठवडे. खरा खर्च औषधांचा नाही, दिवसांचा आणि हातांचा आहे. त्यामुळे काका, आयसीयूचे आणि नर्सिंगचे पैसे मला दरोडा वाटत नाहीत. व्हिजिटांचे ८४ हजार बघून मात्र मीही भुवया उंचावल्या.

आयव्हीआयजीबद्दल स्पष्ट बोलतो. त्याने जीव वाचतो असं ठामपणे सांगता येईल एवढा पुरावा नाही. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेची या आजारावरची मार्गदर्शक सूचना २०१६ साली आली. तिचा भर औषध ताबडतोब थांबवणं आणि शुश्रूषा यांवर आहे. वरून द्यायचंच तर सुरुवातीलाच थोडे दिवस स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध). सायक्लोस्पोरिन किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम. बाबा साठ-बासष्ट किलोचे धरले तर ५० मिलिग्रॅमच्या चार ते सहा कॅप्सूल रोज. दिवसाला काही शे रुपये. साडेतीन लाख कुठे आणि हे कुठे!

एक विचारायचं होतं. बाबांचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीचा आकडा) किती होतं?

निशा_विक्रोळी | सकाळी ९.४०

चेकअपमध्ये १.६. त्यालाही लाल रंग होता, पण युरिक ॲसिडपुढे त्याकडे कुणी पाहिलंच नाही. वजन ६२.

साबुदाणा_वडा | सकाळी १०.१५

मग दोन गोष्टी. एक, किडनी थोडी कमजोर असताना ही गोळी थेट ३०० ने सुरू करायची नसते. १०० किंवा त्याहून कमीपासून, हळूहळू वाढवत. आणि सांधा सुजलेला नाही, खडा नाही, नुसता आकडा वाढलाय, तर बहुतेक वेळा गोळीच लागत नाही. दोन, सायक्लोस्पोरिन किडनीला जड. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला असेल, तर ते समजू शकतो. (आयव्हीआयजीही किडनीला हलकं नाही, ते सोडा.) म्हणून मी 'कमिशन' असा शिक्का मारणार नाही. पण रात्री दीड वाजता नातेवाइकाला निर्णय देऊन डॉक्टरने मोकळं व्हायचं, हे चूकच. सकाळपर्यंत थांबून सीनियरने बसून समजावलं असतं, तर आकाश कोसळलं नसतं.

मुलुंडचा_काका | सकाळी १०.३०

म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच.

साबुदाणा_वडा | सकाळी १०.३३

नाही काका, अर्धंच.

झिपरी | सकाळी ११.२०

माझा किस्सा याच्यापुढे किरकोळ आहे, पण औषधाच्याच रिॲक्शनचा. जुलाब झाले की मी मेडिकलवाल्याला सांगून एक लोकप्रिय कॉम्बिनेशन गोळी घ्यायचे. दर वेळी दोन दिवसांनी ओठाच्या कोपऱ्यात आणि मनगटावर त्याच जागी काळा गोल डाग. मला वाटायचं लिपस्टिक. तीन वर्षं लिपस्टिकचे ब्रँड बदलले! शेवटी केईएमच्या ओपीडीत गेले, दहा रुपयांचा केसपेपर. डॉक्टर मुलीने डाग बघून पहिलाच प्रश्न विचारला, "पोट बिघडल्यावर काय घेता?" फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणे. तेच औषध घेतलं की त्याच जागी उठणार. गोळी बंद, डाग बंद. लिपस्टिकांवर गेलेले पैसे कोण परत देणार?

विमा_वाकडा | दुपारी १२.४५

क्लेम्सच्या कामात बरीच वर्षं घालवली, म्हणून निशाताईंच्या आकड्यांवर बोलतो.

तुमच्या पॉलिसीत खोलीला विमा रकमेच्या १ टक्का म्हणजे ३,००० आणि आयसीयूला २ टक्के म्हणजे ६,००० अशी मर्यादा असणार. जुन्या पॉलिसींत हेच असतं. ट्विन शेअरिंगचा दर ३,००० च्या वर होता का?

निशा_विक्रोळी | दुपारी १.०२

हो, ५,५००. मर्यादा तुम्ही म्हणता तीच. आयसीयू १३ हजार रोज.

विमा_वाकडा | दुपारी १.५०

अंदाज खरा ठरला. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी नुसता खोलीचा फरक कापत नाही, बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लावते. प्रपोर्शनेट डिडक्शन. लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. मोठी खोली घेतली तर वरचे अडीच हजारच जातील, असं वाटतं आणि प्रत्यक्षात निम्मं बिल जातं.

पण ही कात्री सगळ्यावर चालवता येत नाही. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ती लावायची नाही. आयसीयूच्या चार्जेसवरही नाही. पॉलिसीच्या वर्डिंगमध्ये 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस'ची व्याख्या शोधा, तिथे लिहिलेलं असतं. आता तुमचाच हिशेब करू. आयव्हीआयजी १,७४,००० अधिक औषधं ५८,००० अधिक तपासण्या ६१,००० झाले २,९३,०००. आयसीयूचे मर्यादेत सहा दिवस, ३६,०००. इथेच ३,२९,००० झाले आणि तुमची विमा रक्कम तीन लाख. ड्रेसिंग, व्हिजिट, खोली यांतला एक रुपयाही धरला नाही तरी पूर्ण तीन लाख मिळायला हवेत. २,६४,००० का दिले? सेटलमेंट लेटरमध्ये औषधांच्या पुढे काय लिहिलंय बघा.

हातमोजे-मास्कचे पैसे मिळणार नाहीत, त्याची 'नॉन-पेयेबल'ची वेगळी यादी असते. त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

निशा_विक्रोळी | दुपारी ३.२५

फाइल काढली. औषधांपुढे 'प्रपो. डिड.' असं लिहून आकडा कापलाय!! लॅबपुढेही. दोन महिने हा कागद कपाटात होता आणि आम्ही वाचलाच नाही.

विमा_वाकडा | दुपारी ३.४०

कुणीच वाचत नाही. आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला (तक्रार विभागाला) मेल करा, सोबत बिल, सेटलमेंट लेटर आणि वर्डिंगमधल्या त्या ओळीचा फोटो. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे, पण विक्रोळीचा भाग ठाण्याच्या कार्यालयाकडे येतो. वकील लागत नाही, फीही नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

भांडुपकर_ | दुपारी ४.१०

मध्येच घुसतोय, माफ करा. बायकोला गेल्या महिन्यात फिट आली म्हणून फेनिटॉइन चालू आहे. आज सोळावा दिवस. कालपासून ताप, डोळ्यांची आग, आज तोंडात फोड. हा धागा वाचून हात कापतायत. उद्या सोमवारच्या ओपीडीला दाखवलं तर चालेल का?

साबुदाणा_वडा | दुपारी ४.१४

नाही. आत्ता निघा. ओपीडी नाही, कॅज्युअल्टी. ज्या मोठ्या हॉस्पिटलात त्वचा, डोळे आणि बर्न्स (भाजलेल्यांचा) हे तिन्ही विभाग असतील तिथे जा. भांडुपहून सायन बरं पडेल. पुढचा डोस घेऊ नका, पण घरीही बसू नका. फिटची गोळी अचानक बंद केली तर फिट परत येऊ शकते, म्हणून बदली औषध हॉस्पिटलातच ठरेल. कार्बामाझेपीन किंवा फेनोबार्बिटोन देऊ नका, फेनिटॉइनवर रिॲक्शन आली आहे, हे सांगा. ही एकाच कुळातली पडतात. गोळ्यांची पट्टी बरोबर घ्या. चेहऱ्याला, अंगाला काहीही लावू नका.

भांडुपकर_ | दुपारी ४.१६

निघालो.

वनौषधी_वैभव | संध्या. ५.३०

कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ आणि वरून खोबरेल. उष्णता बाहेर पडते. केमिकलच्या गोळ्यांचं हे असंच.

साबुदाणा_वडा | संध्या. ५.४१

कातडी सुटलेल्या माणसाला घरच्या बालदीतल्या पाण्याने अंघोळ घालू नका हो. जंतुसंसर्ग हेच या आजारात मृत्यूचं मोठं कारण आहे.

परळची_ललिता | संध्या. ७.००

वैभवरावांचं सोडा, पण पालापाचोळ्यावरून आठवलं. मी सायनला बर्न्समध्ये सिस्टर होते, आता निवृत्त. तिथे केळीच्या पानांचं ड्रेसिंग व्हायचं. पानं स्वच्छ करून, निर्जंतुक करून. चिकटत नाही, काढताना पेशंट ओरडत नाही, आणि खर्च जवळजवळ नाहीच. यावर सायनच्या डॉक्टरांचा अभ्यास २००३ मध्ये भाजल्यावरच्या उपचारांच्या परदेशी जर्नलमध्ये छापून आला होता. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, परळच्या वाडिया हॉस्पिटलात डॉ. केसवानी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या मुलांना लावायचे. गाजली होती ती. निशा, तुझ्या बिलातले ड्रेसिंगचे ४० हजार वाचले आणि मला त्या साली आठवल्या. (घरी करू नका हं कुणी. साली उकडणं सोपं, निर्जंतुक ठेवणं नाही.)

आणि एक सांगते, कुणाला वाईट वाटो. सरकारी वॉर्डात एका सिस्टरवर पेशंट जास्त असतात, मावशीला हाक मारली तर ती अर्ध्या तासाने येते, संडासाची अवस्था सांगायला नको. नातेवाइकांना पाठ टेकायला जागा नसते. पण असा आजार वर्षातून अनेकदा पाहिलेली माणसं तिथेच असतात. छोट्या खासगी हॉस्पिटलात आयसीयू चकाचक असेल, पण तिथल्या सिस्टरने अशी कातडी आयुष्यात एकदाही हाताळलेली नसते. पापण्या रोज सोडवल्या नाहीत तर डोळा कायमचा जातो.

निशा_विक्रोळी | संध्या. ७.२०

ललिताताई, अगदी हेच झालं. खासगीत डोळ्यांचे डॉक्टर तीनदा आले. महापालिकेत रोज सकाळी एक हौसमन (शिकाऊ डॉक्टर) मुलगी काचेच्या दांडीने पापण्या मोकळ्या करायची. बाबा तिला 'कंडक्टर' म्हणायचे, कारण वेळ चुकवायची नाही.

कार्डधारक | रात्री ८.१५

खर्चासाठीच्या योजना आणि सवलतींबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. एका संस्थेत रुग्णांना कागदपत्रांची मदत करतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. 'आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काय मिळणार' म्हणून लोक विचारतच नाहीत. अट दोन ठिकाणी अडते. हॉस्पिटल योजनेत असायला हवं आणि उपचार योजनेच्या पॅकेजच्या यादीत बसायला हवा. म्हणून दाखल होतानाच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठायचं. निदान ज्या शब्दांत केसपेपरवर लिहिलंय, त्यावर पॅकेज ठरतं. बिल भरून झाल्यावर आलात तर तो काही करू शकत नाही. हेल्पलाइन १५५३८८.

दुसरं, धर्मादाय हॉस्पिटलं. मुंबईतली अनेक नावाजलेली खासगी हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची असते. तातडीच्या पेशंटला स्थिर करण्याआधी डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, हेही त्यात आहे. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन थेट समाजसेवकाच्या, म्हणजे एमएसडब्ल्यूच्या खोलीत जायचं. रिसेप्शनवर विचारलंत तर 'बेड नाही' हेच ऐकू येणार. नाहीच ऐकलं तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीला आहे.

मुलुंडचा_काका | रात्री ८.४०

बेस्टचा निवृत्त माणूस 'निर्धन' ठरेल का?

कार्डधारक | रात्री ८.५५

बहुधा नाही. मध्यमवर्गाची हीच गोची आहे काका. धर्मादाय खाटेला उत्पन्न जास्त आणि बिलाला कमी. म्हणून पांढऱ्या कार्डाचा मार्ग आधी बघायचा. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक न्यासाकडेही अर्ज करता येतो, पण कागद फिरेपर्यंत पेशंट घरी आलेला असतो.

न्यायप्रिय | रात्री ९.३०

निशाताई, ग्राहक न्यायालयात जा. अनुराधा साहांचं प्रकरण आठवा. हाच आजार, टेन. १९९८ मध्ये कोलकात्यात लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडचे चुकीचे डोस दिले गेले, मग विमानाने मुंबईला ब्रीच कँडीत आणलं, तिथे २८ मे रोजी त्या गेल्या. पती डॉ. कुणाल साहा पंधरा वर्षं लढले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी भरपाई दिली, वर व्याज.

विमा_वाकडा | रात्री ९.४८

पंधरा वर्षं हा शब्द परत वाचा. आणि साहा स्वतः डॉक्टर होते. निष्काळजीपणा सिद्ध करायला दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. आधी घरबसल्या मिळण्यासारखे ३६ हजार मिळवा.

निशा_विक्रोळी | रात्री १०.०५

कोर्टाचा विचार नाही. बाबाच म्हणाले, "त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुझी कावीळही बरी केली होती." पण जाऊन सांगितलं त्यांना, सगळं. ते गप्प झाले. मग वहीत लिहून घेतलं.

ओंकारची_आई | सोमवार, सकाळी ७.५०

लेकाला फिटसाठी कार्बामाझेपीन लिहून दिली होती. न्यूरोच्या मॅडमनी आधी एक रक्ततपासणी सांगितली, एचएलए-बी १५०२. हे जनुक असलेल्यांना या गोळीने असली रिॲक्शन येण्याची शक्यता जास्त. मला ती काही हजारांना पडली आणि मी तेव्हा कुरकुर केली होती. धागा वाचून त्या कुरकुरीची लाज वाटली. ॲलोप्युरिनॉललाही अशी तपासणी असते का?

साबुदाणा_वडा | सकाळी ८.३०

असते, बी ५८०१. पण सगळ्यांची सरसकट करत नाहीत. आणि तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे रिॲक्शन येणारच नाही, असंही नाही. पहिले दोन महिने अंगाकडे लक्ष हवंच.

पाळीच्या दुखण्यावरच्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दलही लिहून ठेवतो, कारण ते घराघरात असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने (औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) त्याबद्दल इशारा दिला होता. त्यातली रिॲक्शन वेगळी, 'ड्रेस' म्हणतात. पुरळ, ताप, गाठी, यकृतावर परिणाम, आणि उशिरा येते, दोन ते आठ आठवड्यांनी. गोळी वाईट असं नाही. घेताय हे लक्षात ठेवा, इतकंच.

भांडुपकर_ | सकाळी ९.१०

काल संध्याकाळी ॲडमिट केलं. कॅज्युअल्टीत पट्टी दाखवली, अर्ध्या तासात स्किनच्या डॉक्टर आल्या. तोंड आणि छाती, अंगाचा चारेक टक्के भाग म्हणाल्या. फिटची गोळी बदलली. आत्तापर्यंत बाहेरून आणलेलं २,३०० रुपयांचं. डॉक्टर म्हणाल्या पुढचे चार-पाच दिवस वाढतं का ते बघायचं. मी जिन्यात बसून लिहितोय, चार्जर नाही. नंतर बोलतो.

परळची_ललिता | सकाळी ९.२५

दूध, अंडी, जे गिळवेल ते थंड करून दे. आणि रोज सकाळी डोळ्यांचे डॉक्टर आले का, ते विचारत राहा. चिडले तरी विचार.

निशा_विक्रोळी | तीन आठवड्यांनी, रविवार

अपडेट. ग्रीव्हन्स सेलने आधी साच्यातलं उत्तर पाठवलं. मी वर्डिंगची ओळ पिवळी करून परत पाठवली आणि खाली लोकपालांचा पत्ता टाकला. परवा ३६,००० खात्यात आले. विमा_वाकडा, तुम्हाला पेढे. एफडीत टाकले नाहीत, त्यातून बाबांचे डोळ्यांचे थेंब येतील. महिन्याला अकराशेचे लागतात.

भांडुपकरांचा मेसेज आला होता, वहिनी घरी आल्या. अकरा दिवस. कातडी दहा टक्क्यांच्या पुढे गेली नाही.

आता एक प्रश्न. त्या गोळ्यांच्या पट्टीत अजून सात गोळ्या आहेत. मी फेकायला निघाले तर बाबांनी काढून घेतली. म्हणतात पुरावा आहे. बीपीच्या गोळ्यांच्या डब्यातच ठेवलीय! काय करू?

साबुदाणा_वडा | दुपारी १२.१०

त्या डब्यातून आधी बाहेर काढा, आत्ता. पट्टीचा फोटो घ्या, नाव आणि बॅच नंबर दिसेल असा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सामान्य माणसालाही करता येते. फॉर्म मराठीत मिळतो, फोन १८००-१८०-३०२४. महापालिकेतल्या डॉक्टरांनी नोंद केली असेल कदाचित, विचारून घ्या. आणि बाबांच्या पाकिटात एक कार्ड: 'ॲलोप्युरिनॉल कधीही देऊ नये.'

निशा_विक्रोळी | दुपारी १२.४०

कार्ड आहे. त्या हौसमन मुलीने डिस्चार्जच्या दिवशी लिहून दिलं होतं. बाबांनी ते बेस्टच्या जुन्या पासाच्या प्लास्टिकमध्ये घातलंय. फोटो काढला, पट्टी आईने गोळ्या फोडून पिशवीत बांधून टाकली. बाबा पाच मिनिटं रागावले होते, आता जेवायला बसलेत.